लोढणं कोणाच्या गळ्यात?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावायचे असतील तर तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र नाही. त्या आठवड्यात चहाच्या टपरीपासून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत दोन वाक्यं सतत कानावर पडत होती. एक, "बरं झालं, पोरं कर्जात बुडत होती." दुसरं, "ज्यांना स्वतःवर ताबा ठेवता येत नाही, त्यांच्यापायी बाकीच्यांना का शिक्षा?"

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात. ताबा ही माणसाच्या आत असलेली चीज आहे, उंचीसारखी. कोणाकडे जास्त, कोणाकडे कमी. हे गृहीत कितपत खरं आहे, हे जरा सावकाश पाहू. त्यासाठी एक जुगारी, एक खलाशी आणि एक सम्राट अशा तिघांची मदत घ्यावी लागेल, आणि त्याआधी एका गुराची.

गुराचं लोढणं

द्वाड गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, त्याला लोढणं म्हणतात. जनावर चरू शकतं, हिंडू शकतं. पण पळायला लागलं की ओंडका पायात येतो. एरवी आपण हा शब्द कटकट या अर्थाने वापरतो ("हे काय लोढणं गळ्यात घेतलंस!"), पण शेतकऱ्याच्या दृष्टीने तो हिशेब आहे. गुराला उपदेश करून उपयोग नसतो, आणि चोवीस तास काठी घेऊन बांधावर उभंही राहता येत नाही. बहिणाबाईंनी मनाला उभ्या पिकातलं ढोर म्हटलं, ते अशी ढोरं हाकलून हाकलून दमलेल्या बाईचं निरीक्षण आहे.

अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र यांत या लोढण्याला एक भारदस्त नाव आहे: पूर्वबंधन. मोह समोर यायच्या आधी, डोकं शांत असताना, पुढच्या स्वतःचे हात बांधून ठेवणं. हा शब्द एवढा एकदाच. पुढे लोढणं आणि दोर यांवरच भागवू.

आज रात्रीचा मी आणि उद्या सकाळचा मी

समजा, कोणी विचारलं, आज शंभर रुपये घेता की उद्या एकशे दहा? बरेच जण आजचे शंभर घेतात. आता प्रश्न थोडा बदलू. तीस दिवसांनी शंभर, की एकतिसाव्या दिवशी एकशे दहा? आता तीच माणसं म्हणतात, एकशे दहा. थांबायचं दोन्हीकडे एकच दिवस, फरकही दहाच रुपयांचा. मग उत्तर का बदललं? कारण "आज" या शब्दाला वजन आहे. लांबून पाहिलं की आपण शहाणे असतो. गोष्ट हाताशी आली की शहाणपण विरघळतं.

म्हणून आपल्यात एक नाही, दोन माणसं राहतात असं समजायला हरकत नाही. सकाळी चालायला जायचं ठरवून गजर लावणारा एक, आणि पहाटे तो गजर बंद करणारा दुसरा. दोघांत कोण खरा, याचा निकाल लागत नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचं सूक्त आहे, चौतिसावं. ऋग्वेद म्हटलं की डोळ्यांपुढे यज्ञ येतो. इथे बेहड्याच्या बियांचे फासे आहेत आणि घरदार गमावलेला माणूस बोलतोय. तो म्हणतो, आता खेळायचं नाही असं मी ठरवतो, मित्र पुढे निघून जातात, मी मागे राहतो. पण ते पिंगट फासे पटावर पडताना वाजतात, आणि ठरलेल्या भेटीला निघालेल्या स्त्रीसारखा मी तिकडे जातो. फाशांना हात नाहीत, तरी ते हात असलेल्याला लोळवतात. स्पर्शाला थंड, पण काळीज जाळतात. सूक्ताच्या शेवटाकडे सल्ला येतो: फासे खेळू नकोस, शेती कर. सल्ला उत्तम आहे. पण या माणसाला तो ठाऊक नव्हता असं थोडंच आहे? त्याने ठरवलंच होतं. त्याच्याकडे निश्चय होता, दोर नव्हता.

खलाशाने काय केलं

दोर आहे तो ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याच्या बाराव्या सर्गात. ओडिसियसचं गलबत सायरन नावाच्या गाणाऱ्या मायाविनींच्या बेटाजवळून जाणार असतं. त्यांचं गाणं ऐकलेला माणूस परत येत नाही. सर्सी नावाची जादूगारीण त्याला आधीच सावध करते आणि उपायही सांगते. वल्हेकऱ्यांच्या कानात मेण भरायचं. गाणं ऐकायचीच हौस असेल तर स्वतःला डोलकाठीला बांधून घ्यायचं, आणि आधीच बजावून ठेवायचं, की मी सोडा म्हणालो तर आणखी आवळा.

गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण तिच्यातले तीन बारकावे सहसा निसटतात.

पहिला: सायरन त्याला नावाने हाक मारतात आणि ट्रॉयच्या युद्धात काय काय घडलं ते सगळं आम्हाला ठाऊक आहे म्हणतात. म्हणजे त्या कुठलंही गोड गाणं गात नाहीत. याला काय ऐकायचंय, तेच गातात. तुमच्या फोनवर "तुमच्यासाठी खास" म्हणून जे येतं, ते याहून फार वेगळं नाही.

दुसरा: ओडिसियस भुवयांनी खुणा करून सोडा म्हणतो, तेव्हा पेरिमिडीस आणि युरिलोकस उठून दोर आणखी आवळतात. त्यांच्या कानात मेण असल्यामुळे त्यांना गाणं ऐकू येत नाही, आणि मालकाची विनवणीही नाही. दोर धरणारा बहिरा असावा लागतो. आमच्या घरी हे मी अनुभवाने शिकलो. फोनमधल्या ज्या ॲपवर माझी रात्र जाते, त्याला वेळेची मर्यादा लावून पासवर्ड बायकोला ठेवायला सांगितला. तिसऱ्या रात्री मी तिला इतकं पटण्यासारखं कारण दिलं (ऑफिसचं काहीतरी तिथेच आलंय म्हणालो), की तिने पासवर्ड दिला. तिच्या कानात मेण घालायचं राहून गेलं होतं.

तिसरा: दोराला मुदत होती. बेट मागे पडलं, गाणं ऐकू येईनासं झालं, तसं खलाशांनी त्याला सोडलं. हा बारकावा पुढे कामी येणार आहे.

आता आपल्याकडची लोढणी पाहा. पीपीएफला पंधरा वर्षांची मुदत असते, आणि तीच अनेकांना त्याची चांगली बाजू वाटते. पगारातून परस्पर कापला जाणारा पतपेढीचा हप्ता. हातात आलाच नाही तर खर्च कसला होणार? भिशी तर फारच हुशार प्रकार आहे, कारण तिथला दोर कागदाचा नसून शेजारणींच्या नजरेचा असतो. याची मोजमापंही झाली आहेत. फिलिपिन्समधल्या एका बँकेने काही खातेदारांना असं खातं देऊ केलं, की ठरवलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढता येणार नाहीत. व्याज जास्त नाही, सोय उलट कमी. तरी २८ टक्के लोकांनी ते घेतलं. ज्यांना ते देऊच केलं नव्हतं त्यांच्याशी तुलना केली, तर देऊ केलेल्यांची बचत वर्षाने सरासरी ८१ टक्क्यांनी वाढलेली होती. हा अभ्यास २००६ चा.

"म्हणजे मन कच्चं म्हणायचं"

इथे आपल्या संस्कारांना ठेच लागते. दोर लागणं हा कमीपणा, खरा संयमी तो जो मोकळा उभा राहून हलत नाही, असं आपण मानतो. या समजाला विज्ञानाचा शिक्का मिळवून दिला तो स्टॅनफर्डच्या वॉल्टर मिशेल यांच्या प्रयोगाने. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी लहान मुलांपुढे मार्शमेलो नावाची मऊ गोळी किंवा तसाच खाऊ ठेवला: आत्ता खा, नाहीतर मी परत येईपर्यंत थांब आणि दोन घे. थांबलेली मुलं पुढे शाळेत पुढे निघाली, असं नंतरच्या पाहणीत दिसलं, आणि जगभरच्या पालकांनी घरी मुलांची परीक्षा घेणं सुरू केलं.

मुळात थांबलेली मुलं काय करत होती, ते पाहण्यासारखं आहे. ती गोळीकडे टक लावून मनोबल दाखवत नव्हती. डोळे झाकत होती, पाठ फिरवत होती, गाणी म्हणत होती. चार वर्षांची पोरं आपापला दोर वळत होती.

२०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर तोच संबंध पुन्हा तपासला. मुलाच्या घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशेबात धरल्यावर तो बहुतेक विरून गेला. आणि मला त्याहून मोलाचा वाटतो तो २०१३ चा रॉचेस्टर विद्यापीठातला छोटासा प्रयोग. खाऊ द्यायच्या आधी मोठ्या माणसाने मुलांना चांगले रंग आणून देण्याचं कबूल केलं. निम्म्या मुलांना दिले. निम्म्यांना "सॉरी, नाहीत" म्हणून सांगितलं. मग खाऊची परीक्षा. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीन.

अवघी २८ मुलं होती, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण प्रश्न दिशा बदलतो, हे खरं. थांबणं शहाणपणाचं केव्हा? समोरचा शब्द पाळणारा असेल तेव्हा. मजुरी महिनाअखेर मिळेलच याची खात्री नसलेल्या माणसाला "बचत कर, संयम ठेव" सांगणं सोपं आहे. त्याचा संयम अर्धा त्याच्या हातात असतो. उरलेला अर्धा मुकादमाच्या. सत्तेचा विषय इथे, असा मागच्या दाराने, आत येतो.

"युधिष्ठिरानेही स्वतःला बांधूनच घेतलं होतं की"

हा आक्षेप मला फार आवडतो, कारण तो बरोबर आहे. सभापर्वात द्यूताचं आमंत्रण येतं तेव्हा युधिष्ठिराला धोका दिसत नाही असं नाही. जुगार भांडणाचं मूळ आहे हे तो स्वतःच म्हणतो. तरी जातो, कारण "आहूतो न निवर्तेयम्": आव्हान आलं तर मागे फिरायचं नाही, असं त्याचं व्रत. डोकं शांत असताना स्वतःवर घातलेलं बंधन. मग ओडिसियस वाचला आणि हा का बुडाला?

कारण त्याने दोर उलट्या बाजूने बांधला होता. ओडिसियसच्या दोराने मोहाकडे जायची वाट बंद झाली. युधिष्ठिराच्या व्रताने मोहापासून परतायची. आपल्याकडे शब्द, इभ्रत, "मर्दासारखा खेळ" यांच्या नावाने जे दोर वळले जातात, ते बहुतेक या जातीचे. आणि त्याला मुदतही नव्हती. बेट कधी मागेच पडलं नाही. सगळं परत मिळून पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले, तेव्हा पुन्हा बोलावणं आलं, आणि नाश दिसत असूनही तो पुन्हा गेला. त्या एका डावाने बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास.

तेव्हा दोर चांगला की वाईट हे ठरवताना गाठ किती पक्की हे पाहून भागत नाही. तो कशापासून अडवतो, किती काळासाठी, आणि दुसरं टोक कोणाच्या हातात आहे, हे पाहावं लागतं.

मेणाचं काय?

'ओडिसी'त आपलं लक्ष डोलकाठीवर असतं. खाली वल्ही मारणाऱ्यांकडे बघा. दोर हा ओडिसियसने स्वतःसाठी निवडलेला उपाय. मेण हा त्याने इतरांसाठी. तुम्हाला गाणं ऐकायचंय का, असं त्यांना कोणी विचारलं नाही. धन्याला गाणं ऐकायचा आनंदही मिळाला आणि जीवही वाचला. वल्हेकऱ्यांचा नुसता जीव वाचला.

२०२५ चा कायदा मेणाचा आहे. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप नावाची सोय आहे ती दोराची. जुगाराचा नाद लागलेल्याने स्वतः नाव नोंदवायचं, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं. मग परवाना असलेल्या कुठल्याही ऑनलाइन जुगारात त्याला घेत नाहीत, आणि मुदतीच्या आत "चुकून नोंदवलं" म्हटलं तरी नाव निघत नाही. सिंगापूरमध्ये दोन्हींची सरमिसळ आहे. तिथल्या नागरिकाला कॅसिनोत शिरायलाच दिवसाला दीडशे सिंगापूर डॉलर मोजावे लागतात, शिवाय स्वतःला बंदी घालून घेता येते आणि घरच्यांनाही तसा अर्ज करता येतो. गोव्यात २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत मज्जाव आहे, पर्यटकांना नाही: घरच्यांच्या कानात मेण, पाहुण्यांना गाणं. आपल्या महाराष्ट्राने तर १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला.

आणि सरकारच सायरनच्या मैफलीचं तिकीट विकत असेल तर? कौटिल्याचा द्यूताध्यक्ष आठवा. अर्थशास्त्रात जुगार बंद नाही. तो एका जागी आणला आहे. दुसरीकडे खेळलात तर बारा पण (तेव्हाचं नाणं) दंड. फासे सरकारी, आणि जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच सरकारचे. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन पैशांच्या खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, आणि दोन वर्षं व्हायच्या आत बंदी आली. कौटिल्याला हा घाईचा हिशेब वाटला असता. मला स्वतःला बंदीबद्दल दोन मनं आहेत. नाद लागलेल्याने सकाळी उठून स्वतःचं नाव नोंदवावं ही अपेक्षा ऋग्वेदातल्या त्या माणसाकडून करणं कठीण आहे. पण दोराचा पर्याय धड देऊनच न पाहता थेट मेण ओतलं गेलं, हेही दिसतंय.

राजाला कोण बांधणार?

आतापर्यंत वर कोणीतरी होतं: धनी, सरकार, बँक. ज्याच्या वर कोणीच नाही, त्याचं काय?

युधिष्ठिर नुकताच राजसूय करून सम्राट झाला होता. त्याने भाऊ एकेक करून पणाला लावले, त्यांनी हूं की चूं केलं नाही. मग स्वतःला, मग द्रौपदीला. खेळ थांबवण्याचा अधिकार असलेला एकच माणूस सभेत होता, धृतराष्ट्र, आणि तो हरखून पुन्हा पुन्हा विचारत होता, "किं जितं, किं जितम्?" जिंकलं का, काय जिंकलं? विदुराने विरोध केला, त्याच्या हातात काही नव्हतं. भीष्म म्हणाले, धर्म सूक्ष्म आहे. एवढ्या मोठ्या सभेत नेमका प्रश्न आला तो बोलवायला आलेल्या सूताबरोबर द्रौपदीने परत पाठवला, तो: आधी स्वतःला हरलास की मला? जो स्वतःचाच मालक राहिला नाही, तो दुसऱ्याला पणाला कसा लावेल? कौरवांतला एकटा विकर्ण म्हणाला, हिला जिंकलेलं नाही. सभेने त्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही.

कौटिल्य या बाबतीत फार व्यवहारी आहे. राजाने काम, क्रोध, लोभ, मान, मद, हर्ष हे सहा शत्रू जिंकावेत, असा इंद्रियजयाचा उपदेश तो करतो; पण नुसत्या उपदेशावर विसंबत नाही. राजाने आचार्य आणि अमात्य यांना आपली मर्यादा म्हणून नेमावं, त्यांनी त्याला धोक्याच्या जागांपासून अडवावं, आणि तो एकांतात चुकत असेल तर सावली आणि घटिका मोजून, म्हणजे वेळेची आठवण देऊन, प्रतोदाने टोचावं. प्रतोद म्हणजे चाबूक, पराणी. आपल्या विधानसभेतही 'मुख्य प्रतोद' असतो. मात्र कौटिल्याचा प्रतोद राजाच्या पाठीवर होता, आपला आमदारांच्या पाठीवर आहे. शब्द राहिला, दिशा फिरली.

आधुनिक राज्यात हा दोर म्हणजे संविधान. त्याची गाठ कशी मारली जाते, याचा सर्वांत चांगला धडा आणीबाणीचा. २५ जून १९७५ ला ती लादली गेली ती "अंतर्गत अशांतता" या ढगळ शब्दावर. नंतर, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो शब्द काढून "सशस्त्र बंड" घातला, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला, आणि जगण्याचा हक्क देणारं कलम २१ आणीबाणीतही गोठवता येणार नाही असं ठरवलं. हे करणारे तेव्हा स्वतः सत्तेवर होते. डोकं शांत असताना, बेट नजरेत नसताना, त्यांनी पुढच्या सत्ताधाऱ्यांचे आणि आपलेही हात बांधले.

"लोकांनी निवडून दिलंय, मग हात का बांधता?"

हा प्रश्न प्रत्येक पक्ष सत्तेत असताना विचारतो आणि विरोधात गेल्यावर विसरतो. तरी तो खोटा नाही. केशवानंद भारती खटल्यात, २४ एप्रिल १९७३ ला, तेरा न्यायाधीशांपैकी सातांनी म्हटलं की संसद संविधान बदलू शकते, त्याचा मूळ गाभा नाही. सहांचं मत तसं नव्हतं. एका मताने वळलेला दोर आहे हा. न निवडलेल्या सात माणसांनी निवडलेल्यांना बांधावं का, असं कोणी विचारलं तर त्याला वेड्यात काढू नये. पण भुवया उडवून "सोडा" म्हणणारा आणि शांतपणे विचार करून "सोडा" म्हणणारा यांत फरक कसा करायचा? घटनेने काढलेली युक्ती म्हणजे उशीर. साधा कायदा साध्या बहुमताने, घटनादुरुस्ती दोन तृतीयांशांनी, काही बाबतींत निम्म्या राज्यांची संमतीही. गाठ सुटते, पण गाणं चालू असेपर्यंत सुटू नये इतकी किचकट ठेवली आहे. आणि गाठीवर बसवलेले कानात मेण घालून बसतील की पासवर्ड देऊन टाकतील, हे कुठल्याच कलमात लिहून ठेवता येत नाही.

युधिष्ठिराचं पुढे काय झालं, ते विराटपर्वात आहे. वनवासात तो अक्षविद्या शिकला आणि अज्ञातवासात कंक या नावाने विराट राजाकडे राहिला, राजाबरोबर फासे खेळणारा सभासद म्हणून. राजपुत्र उत्तर कौरवांना हरवून येतोय अशी बातमी येते, आनंदात विराट म्हणतो, चल, डाव मांडू. कंक त्याला सांगून पाहतो, की जुगार वाईट. पांडुपुत्र युधिष्ठिराचं नाव ऐकलं असशील, तो सगळं राज्य असंच हरला. तरी राजाची मर्जी म्हणून डाव मांडला जातो. खेळता खेळता राजा मुलाची स्तुती करतो आणि कंक म्हणतो, बृहन्नडा सारथी असल्यावर विजय व्हायचाच. राजाला राग येतो. तो हातातला फासा कंकाच्या तोंडावर फेकून मारतो. नाकातून रक्त येतं, ते जमिनीवर पडायच्या आत युधिष्ठिर ओंजळीत धरतो आणि द्रौपदीकडे पाहतो. ती न बोलता पाण्याने भरलेलं सोन्याचं पात्र पुढे करते.